रात्रीचा फोन: आधी उजेड उतरवा, मग रंग बदला

नाइट लाइट, नाइट शिफ्ट, आय कम्फर्ट, रीडिंग मोड, ब्ल्यू शेड. कंपनीगणिक नाव बदलतं, बटण मात्र एकच: दाबलं की स्क्रीन पिवळट होते. बरेच जण ते एकदा दाबतात, निळ्या प्रकाशाचा बंदोबस्त झाला म्हणून निर्धास्त होतात आणि त्याच पिवळट स्क्रीनवर, पूर्ण ब्राइटनेसमध्ये, रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसतात. या लेखात ते बटण आहेच, पण मी ते मुद्दाम दुसऱ्या पायरीवर ठेवलं आहे. पहिली पायरी ब्राइटनेसची. असं का, ते आधी सांगतो.

निळ्याच्याच मागे का लागायचं?

डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, आपल्याला चित्र दाखवणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका प्रकारच्या थोड्याशा पेशी असतात. बाहेर किती उजेड आहे हे मेंदूतल्या घड्याळाला कळवत राहणं हे त्यांचं मुख्य काम. त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते १९९८ मध्ये बेडकाच्या त्वचेत सापडलं, आणि या पेशी स्वतःच उजेड ओळखतात हे २००२ मध्ये दाखवून देण्यात आलं. मेलॅनॉप्सिन सर्वांत जास्त चेकाळतं ते ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या, म्हणजे निळ्या-आकाशी उजेडाने. असा उजेड रात्री डोळ्यांत शिरत राहिला की घड्याळाला वाटतं अजून दिवस मावळलेला नाही, आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारं मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा किंवा कमी स्रवतं.

आता स्क्रीनकडे या. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातला काही उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा थर देतात, आणि निळा व पिवळा मिसळून आपल्याला पांढरा दिसतो. एलसीडी स्क्रीनच्या पाठीमागे असेच दिवे असतात. ओलेड स्क्रीनमध्ये मागे दिवा नसतो, ठिपके स्वतःच उजळतात, आणि निळ्याचे ठिपके स्वतंत्र असतात. दोन्हीकडे निळ्याचा मुख्य भर ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे नेमका त्या पेशींच्या हद्दीत.

पण मेलॅनॉप्सिनची ही आवड काही रेघ आखून थांबत नाही. हिरव्या उजेडालाही ते बऱ्यापैकी दाद देतं. त्यामुळे निळा अर्धा कापला आणि बाकी स्क्रीन झगझगीत ठेवली, तर घड्याळापर्यंत निरोप पोचतोच. माझा ब्राइटनेसचा आग्रह यासाठी आहे.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशाने रेटिना जळते, दृष्टी जाते वगैरे जे फिरत असतं, त्याला आधार नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही तेच सांगते. भर दुपारी घराबाहेर पाऊल टाकलं तरी कुठल्याही फोनपेक्षा कितीतरी जास्त निळा उजेड डोळ्यांवर पडतो. दिवसभर स्क्रीन बघून डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी लवतात म्हणून आणि नजर तासन् तास जवळच खिळून राहते म्हणून. निळा प्रकाश गाळणारे चष्मे यावर विकले जातात, पण वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासून निघालेला निष्कर्ष असा की साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा थकवा त्यांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होताना दिसत नाही. तेव्हा चष्म्याचा विचार बाजूला ठेवा. आपला प्रश्न झोपेचा आहे.

किती फरक पडतो?

अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात म्हणून तीन अभ्यास सांगतो.

२०१५ साली छापून आलेल्या एका अमेरिकन प्रयोगात १२ जणांनी काही रात्री झोपण्यापूर्वी चार-चार तास आयपॅडवर आणि काही रात्री कागदी पुस्तकातून वाचन केलं. आयपॅडच्या रात्री झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली, आणि मेलॅटोनिनचं वेळापत्रक सुमारे दीड तास पुढे सरकलं. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. त्यातला ब्राइटनेस पूर्ण होता आणि खोली अंधारी होती, एवढंच कुणी सांगत नाही.

२०१६ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या प्रयोगात लोकांना दिवसा साडेसहा तास चांगल्या उजेडात ठेवलं आणि रात्री दोन तास टॅब्लेटवर वाचायला लावलं. मेलॅटोनिनमध्ये पुस्तक आणि टॅब्लेट असा काही फरक दिसला नाही. दिवसा भरपूर उजेड मिळाला की रात्रीच्या उजेडाची बाधा कमी होते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने १६७ तरुणांचे तीन गट केले: नाइट शिफ्ट लावून फोन वापरणारे, न लावता वापरणारे आणि झोपण्यापूर्वी फोन न वापरणारे. एकूण हिशेबात तिन्ही गटांच्या झोपेत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

म्हणून हे बटण फेकून द्या असं मी म्हणत नाही. नुसतं बटण पुरत नाही, एवढंच.

पायरी १: ब्राइटनेस

स्क्रीनचा उजेड निटमध्ये मोजतात. आजच्या फोनची स्क्रीन जास्तीत जास्त ५०० निटच्या पुढे सहज जाते, आणि कमीत कमी उजेड बऱ्याच फोनवर २ निटच्या आसपास असतो. म्हणजे शेकडो पटींचा फरक नुसत्या त्या एका पट्टीत आहे. रंग पिवळा करून निळा जेवढा घटतो तो याच्यापुढे किरकोळ.

रात्री ऑटो ब्राइटनेसवर सगळं सोपवू नका. ते खोलीतल्या उजेडानुसार चालतं. ट्यूब लावलेल्या खोलीत ते स्क्रीन उजळच ठेवणार. दिवे कमी करा, पट्टी हाताने खाली आणा आणि मिनिटभर थांबा. सुरुवातीला अक्षरं दिसत नाहीत असं वाटेल. डोळे सरावले की दिसू लागतात. वाचता येईल इतपत सर्वांत कमी, ही तुमची रात्रीची जागा. अँड्रॉइडमध्ये हाताने केलेले असे बदल ऑटो ब्राइटनेस हळूहळू लक्षात ठेवतं, त्यामुळे चार-सहा रात्री नेमाने केलंत तर पुढे ते आपणहून खाली येऊ लागेल.

पट्टी तळाला नेऊनही अंधारात स्क्रीन टोचत असेल, तर त्याच्याही खाली जाता येतं. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या बहुतेक फोनवर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'एक्स्ट्रा डिम' आहे. वरून खाली ओढल्यावर जी बटणं दिसतात त्यांत ते आणून ठेवा. आयफोन आणि आयपॅडवर सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, आणि तिथे 'रिड्यूस व्हाइट पॉइंट'. ते सुरू केलं की खाली टक्क्यांची पट्टी येते. सकाळी ते बंद करायला विसरलात तर उन्हात फोन काळाठिक्कर दिसेल आणि फोन बिघडला असं वाटेल, एवढं ध्यानात असू द्या.

काही जणांना ओलेड स्क्रीन अगदी मंद केली की डोकं दुखतं. अनेक ओलेड स्क्रीन कमी उजेडात फार वेगाने चालू-बंद होत राहून मंद दिसतात, आणि हे लुकलुकणं काहींना सोसत नाही. तुम्ही त्यांतले असाल तर मूळ ब्राइटनेस थोडा वर ठेवून एक्स्ट्रा डिम किंवा रिड्यूस व्हाइट पॉइंटने उजेड उतरवून बघा.

पायरी २: रंग

*आयफोन, आयपॅड.* सेटिंग्ज, डिस्प्ले अँड ब्राइटनेस, नाइट शिफ्ट. 'शेड्यूल्ड' सुरू करा. खालची 'लेस वॉर्म' ते 'मोअर वॉर्म' ही पट्टी मधोमध असते. ती उजवीकडे टोकाला न्या. अधलंमधलं ठेवून काही साधत नाही. घाईत चालू-बंद करायचं असेल तर कंट्रोल सेंटरमधली ब्राइटनेसची पट्टी दाबून धरा, बटण तिथेच आहे. शेजारच्या ट्रू टोनला मात्र याची जागा देऊ नका. ते खोलीतल्या उजेडाच्या रंगाशी स्क्रीन जुळवतं. पांढऱ्या दिव्याखाली पांढरीच ठेवतं.

*अँड्रॉइड.* सेटिंग्ज, डिस्प्ले, नाइट लाइट. तुमच्या फोनवर हे नाव नसेल तर सेटिंग्जच्या वर जी शोधाची चौकट असते तिथे 'नाइट', 'आय' किंवा 'रीडिंग' टाका. सॅमसंगवर आय कम्फर्ट शील्ड, शाओमीवर रीडिंग मोड, ॲमेझॉनच्या फायर टॅब्लेटवर ब्ल्यू शेड अशी नावं सापडतील. आत गेल्यावर दोन गोष्टी बघायच्या: तीव्रतेची पट्टी आणि वेळापत्रक. पट्टी इथेही टोकाला.

पहिली दोन-चार मिनिटं सगळं भगवं दिसेल आणि नको वाटेल. धीर धरा. खोलीत दुसरा पांढरा उजेड नसेल तर डोळे पटकन जुळवून घेतात. पाच मिनिटांनी अचानक बंद करून बघा. नेहमीची स्क्रीनच निळी आणि अंगावर येणारी वाटेल.

*वेळापत्रक.* 'सूर्यास्त ते सूर्योदय' हा पर्याय सोयीचा वाटतो, पण लोकेशन चालू ठेवावं लागतं, आणि सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, तुमची झोप सरकत नाही. मी स्वतःच वेळ घालावी असं सुचवेन. झोपण्याच्या तीन तास आधी सुरू, उठण्याच्या वेळी बंद. तीन तास हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. झोप आणि उजेड यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २०२२ मध्ये एकत्र येऊन ज्या शिफारशी केल्या, त्यांत झोपेआधीच्या तीन तासांत मेलॅनॉप्सिनच्या हिशेबाने डोळ्यांवर १० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) जास्त उजेड पडू नये असं म्हटलं आहे. दिवसा किमान २५० हवा, असंही. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाकडे न बघता आपल्या झोपेच्या वेळेनुसार हेच उलटं लावावं. सूर्यास्ताचा पर्याय त्यांच्या काहीच कामाचा नाही.

खरंच निळा कमी झाला का? घरच्या घरी बघा

जुनी सीडी किंवा डीव्हीडी शोधा. फोनवर पूर्ण काळं चित्र उघडा, ज्यात मधोमध एक बारीक पांढरी पट्टी असेल. चित्र रंगवायच्या कुठल्याही ॲपमध्ये अर्ध्या मिनिटात बनतं. खोलीत अंधार करा, फोन उभा धरा आणि सीडीची चकचकीत बाजू अशी तिरपी करा की त्या पट्टीचं प्रतिबिंब दिसेल. आता सीडी हळूहळू कलवत जा. प्रतिबिंबाच्या बाजूला रंग फुटलेले दिसतील, निळा, हिरवा, लाल. तसंच धरून नाइट लाइट सुरू करा. निळा पट्टा विझल्यासारखा मंद होतो, हिरवा थोडा उतरतो, लाल जवळपास तसाच राहतो. तीव्रतेची पट्टी अर्ध्यावर ठेवून आणि मग टोकाला नेऊन बघा, म्हणजे 'टोकाला न्या' असं मी दोनदा का म्हटलं ते कळेल. टोकाला नेऊनही निळा पुरता जात नाही, हेही दिसेल.

सीडी नसेल तर नुसतं गडद निळं चित्र उघडून नाइट लाइट चालू-बंद करा. चालू केल्यावर ते काळपट पडलं पाहिजे. पडत नसेल तर तुमचा फिल्टर नावालाच आहे.

पायरी ३: लाल स्क्रीन, ज्यांना हवी त्यांच्यासाठी

रात्री काही वाचायचंच असेल आणि रंगांशी कर्तव्य नसेल, तर आयफोनवर याहून पुढे जाता येतं. ॲक्सेसिबिलिटी, डिस्प्ले अँड टेक्स्ट साइज, कलर फिल्टर्स, त्यात 'कलर टिंट'. खालच्या दोन्ही पट्ट्यांपैकी तीव्रतेची टोकाला न्या आणि रंगाची लालवर आणा. स्क्रीन फक्त लाल आणि काळी उरते. मग ॲक्सेसिबिलिटीच्या मुख्य पानावर सगळ्यात खाली 'ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट' आहे, तिथे कलर फिल्टर्सवर खूण करा. बाजूचं बटण तीनदा दाबलं की लाल, पुन्हा तीनदा दाबलं की नेहमीची. रात्री आकाश बघणारे हौशी लोक हीच युक्ती वापरतात, कारण लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर मोडत नाही.

अँड्रॉइडवर यासाठी ट्वायलाइटसारखी वेगळी ॲप्स आहेत. फोनमध्ये मूळचं नाइट लाइट असेल तर मी अशा ॲपच्या वाटेला जाणार नाही. यातली बहुतेक ॲप्स स्क्रीनच्या वर रंगीत काच ठेवल्यासारखा एक थर पसरतात. त्यासाठी 'इतर ॲप्सच्या वर दाखवा' ही परवानगी लागते. असा थर असताना काही महत्त्वाच्या परवानग्यांच्या आणि बँकांच्या पानांवर बटणं दाबली जात नाहीत, आणि माणूस गोंधळतो. तसं झालं तर ॲप तात्पुरतं थांबवा, काम उरका. एखादं फिल्टरचं ॲप ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागू लागलं तर दोनदा विचार करा. ती दिली की स्क्रीनवरचा मजकूर वाचण्याची मुभा त्या ॲपला मिळू शकते. आणि फिल्टरच्या ॲपला तुमचे संपर्क किंवा मेसेज कशाला हवेत? मागितले तर सरळ काढून टाका.

डार्क मोड

लोक याला निळ्या प्रकाशाचा उपाय समजतात. तो रंग बदलत नाही, पांढरं पान काळं करतो. तरीही फायदा होतो, कारण एकूण उजेड घटतो. ओलेडवर काळा भाग विझलेलाच असतो, एलसीडीवर मागचा दिवा जळत असतो आणि थोडा उजेड झिरपतो. डोळ्यांना सिलिंडरचा नंबर असलेल्या बऱ्याच जणांना काळ्यावर पांढरी अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. तसं असेल तर डार्क मोड सोडा आणि पांढरं पान मंद ठेवा.

पायरी ४: अंतर आणि खोलीतले दिवे

फोन डोळ्यांपासून दुप्पट लांब धरला तर डोळ्यांवर पडणारा उजेड चौथाईच्या आसपास येतो. एवढ्या सोप्या उपायाकडे कुणी बघत नाही. उशीवर आडवं पडून, फोन नाकापासून वीतभर अंतरावर धरून वाचणारा माणूस सगळ्या सेटिंग्जवर पाणी ओततो. अक्षर मोठं करा आणि फोन हातभर लांब धरा. टॅब्लेटचं क्षेत्रफळ फोनच्या कितीतरी पट, त्यामुळे तो मांडीवर उभा करून ठेवलेला बरा.

आणि डोक्यावरची ट्यूब? फोन अगदी मंद, भगवा, हातभर लांब, आणि वर ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र दिवा, हे दृश्य घरोघरी दिसतं. केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. मेणबत्तीची ज्योत १९०० च्या आसपास, जुना तारेचा बल्ब २७००. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. झोपण्याच्या खोलीत २७०० किंवा त्याखालचा एक छोटा दिवा नजरेच्या खालच्या उंचीवर ठेवा आणि शेवटच्या तासात तेवढाच लावा. खोलीतल्या मोठ्या दिव्यापेक्षा मंद केलेला फोन पुष्कळदा कमी दोषी असतो.

मुलांचा टॅब्लेट

मुलांच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या असतात आणि डोळ्यांतलं भिंग स्वच्छ असतं. वय वाढतं तसं ते पिवळं पडत जातं आणि थोडा निळा आपसूक गाळला जातो. त्यामुळे तोच टॅब्लेट तेवढ्याच उजेडात मुलांचं मेलॅटोनिन मोठ्यांपेक्षा जास्त दाबतो. वरची सगळी सेटिंग्ज मोठ्यांनी स्वतः लावून द्यावीत, ब्राइटनेससकट. पण खरं सांगायचं तर मुलांच्या बाबतीत मी पिवळ्या स्क्रीनवर फारसा विसंबणार नाही. झोपण्याआधीचा तास टॅब्लेट दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, हा नियम पाळायला कठीण असला तरी त्याला तोड नाही. खेळातली पुढची पातळी आणि संपतासंपता आपोआप सुरू होणारा पुढचा भाग यांना कुठलाही फिल्टर लागू पडत नाही. हे मोठ्यांनाही तितकंच लागू आहे.

कधी बंद करायचं

फोटोंचे रंग सुधारताना, कपडे किंवा भिंतीचा रंग निवडताना, अंगावरच्या पुरळाचा फोटो डॉक्टरांना पाठवण्याआधी नीट बघताना फिल्टर बंद ठेवा. नाहीतर पिवळ्या स्क्रीनवर नीट वाटलेला फोटो सकाळी निळा निघतो. स्क्रीनशॉटची गंमत अशी: फोनच्या मूळच्या नाइट लाइटचा रंग त्यात उतरत नाही, वरून थर पसरणाऱ्या ॲपचा मात्र उतरू शकतो.

मध्यरात्री जाग आली तर

किती वाजले बघायला म्हणून फोन उचलला जातो, आणि वेळापत्रक चुकीचं लावलं असेल तर नेमकी तेव्हाच पांढरी स्क्रीन तोंडावर उजळते. त्यासाठी फिल्टरची शेवटची वेळ उठण्याच्या वेळेआधीची ठेवू नका. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला बेडटाइम मोड लावला तर स्क्रीन करड्या रंगात जाते आणि सूचना गप्प होतात. आयफोनवर हेच काम स्लीप फोकस करतो, करड्या रंगाखेरीज. फोन सतत वेळ दाखवणारा असेल, म्हणजे स्क्रीन बंद असतानाही घड्याळ दिसत राहत असेल, तर ते रात्रीपुरतं बंद करा किंवा फोन पालथा ठेवा. वेळ बघायला उशाशी साधं घड्याळ असेल तर उत्तम, पण त्याचे आकडे निळे नकोत. लाल आकड्यांचं घ्या.